मनोरा आणि नळ

दूरचित्रवाणीची एखादी कंपनी आपले कार्यक्रम मनोऱ्यावरून वा उपग्रहावरून पाठविण्यावर न थांबतां, इंटरनेटच्या वाटेनें प्रत्येकाच्या हातांतील मोबाईलपर्यंत पोहोंचवूं लागली, म्हणजे नेमकें काय बदलतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं ही सोय आलेली आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, हा जुन्या दूरदर्शनचाच नवा अवतार आहे. पडदा तेवढा लहान झाला. माझें म्हणणें असें कीं, हें साम्य वरवरचें आहे. दोहोंची जातच निराळी आहे, आणि तें निराळेपण ओळखल्यावांचून या धंद्याची वाढहि उमगत नाहीं व तिच्यापायीं आपण काय देतों तेंहि कळत नाहीं.

प्रथम मनोऱ्याकडे पाहूं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढें सिंहगडावरील मनोऱ्याच्या साह्यानें त्याचे कार्यक्रम पुणें व भोंवतालच्या गांवांतून दिसूं लागले. मनोऱ्याचा स्वभाव मेघासारखा असतो. तो बरसतो तेव्हां खालीं शेतें दहा आहेत कीं दहा हजार, याची त्याला क्षिती नसते. पाहणारे दुप्पट झाले म्हणून मनोऱ्याचा खर्च वाढत नाहीं. आणि कोण पाहत आहे हेंहि त्याला ठाऊक नसतें. १९९१ सालीं हाँगकाँगहून स्टारच्या व १९९२ सालीं झीच्या वाहिन्या उपग्रहावरून येऊं लागल्या, १९९९ मध्यें अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आणि २००८ मध्यें स्टार प्रवाह निघाली. मनोऱ्याची जागा उपग्रहानें घेतली खरी, परंतु तत्त्व तेंच राहिलें: वरून एक धार, आणि खालीं सर्वांचीं भांडीं.

इंटरनेटवरील चित्रप्रवाह हा पाऊस नव्हे. तो नळ आहे. मी राहतों तें वाकड मुळेच्या कांठचें. एके काळीं तें शेतीचें गांव होतें. आज हिंजवडीच्या संगणक-उद्योगामुळें उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. येथील गृहसंस्थांना नळाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाहीं. जितक्या घरांत तोटी उघडेल तितकें पाणी अधिक लागतें, आणि सकाळीं साऱ्यांनीं एकदम उघडली तर वरच्या मजल्यावर धार बारीक होते. चित्रप्रवाहाचें अगदीं असेंच आहे. चित्र व ध्वनि यांचें अंकांत रूपांतर करून त्याचे कांहीं सेकंदांचे एकेक असे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याच्या ठळक, मध्यम व पुसट अशा अनेक प्रती करून ठेवतात. आपला मोबाईल एकामागून एक तुकडा मागून घेतो. वाट मोकळी असेल तर ठळक, दाटी असेल तर पुसट. म्हणूनच चित्र मधूनच अंधुक होतें, परंतु सहसा तुटत नाहीं. खंड पडूं नये म्हणून कांहीं तुकडे आगाऊ सांठवून ठेवावे लागतात. त्यामुळें शेजारच्या घरीं दूरचित्रवाणीसमोर षटकाराचा जल्लोष होतो, तेव्हां आपल्या मोबाईलवर गोलंदाज अजून धांवतच असतो.

आणखी एक युक्ति सांगावयास हवी. प्रत्येक मागणी दूरच्या मूळ संगणकापर्यंत जाऊं लागली तर मार्ग तुंबून जाईल. म्हणून आपण जशी गच्चीवर टाकी ठेवतों, तसे शहराशहरांजवळ सांठवणीचे संगणक ठेवलेले असतात. त्यांत लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती तयार असतात, आणि आपल्या घरीं पाणी येतें तें बहुधा याच टाकींतून.

आतां या नळाचा इतिहास. इंग्लंडांत बी.बी.सी.नें आपली आयप्लेयर नांवाची सेवा डिसेंबर २००७ मध्यें सर्वांस खुली केली. आपल्याकडे या मार्गावरील सर्वांत मोठें पाऊल स्टार इंडियानें टाकलें. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा भरली त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१५ मध्यें, या कंपनीनें हॉटस्टार ही सेवा सुरू केली. प्रारंभीं ती जाहिरातींच्या उत्पन्नावर विनामूल्य चाले. पैसे भरून पाहण्याचा निराळा विभाग एप्रिल २०१६ मध्यें निघाला. परंतु नळ बसविला तरी मुख्य वाहिनी रुंद असावी लागते. ती रुंद झाली सप्टेंबर २०१६ मध्यें, जिओची मोबाईल सेवा सुरू झाल्यावर. कित्येक महिने तिनें इंटरनेट फुकट दिलें, आणि त्या चढाओढींत देशभर त्याचे दर कोसळले. झीनेंहि फेब्रुवारी २०१८ मध्यें झी ५ ही आपली सेवा काढली. तेव्हां या वाढीचें श्रेय केवळ कार्यक्रमांस देणें बरोबर नाहीं. तें बव्हंशीं स्वस्त झालेल्या वाहिनीचें आहे.

मग गर्दी किती झाली? जुलै २०१९ मध्यें मँचेस्टर येथें भारत व न्यूझीलंड यांचा विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. तो हॉटस्टारवर एकाच क्षणीं २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. प्रत्येकास सेकंदाला अवघे १० लाख बिट पुरविले असें धरलें, तरी दर सेकंदास २५ लाख कोटींहून अधिक बिट वाहून न्यावे लागले असते. मनोऱ्याला या संख्येचा भार मुळींच वाटला नसता. नळाला मात्र वाटतो, आणि तो अकस्मात् वाटतो. आवडता फलंदाज बाद झाला कीं लक्षावधि लोक सामना सोडून एकदम पहिल्या पानाकडे परततात, व ज्या संगणकांवर क्षणापूर्वीं काम नव्हतें त्यांच्यावर ओझें पडतें. म्हणून अशा सामन्यांच्या आधींच जास्तीचे संगणक सज्ज ठेवावे लागतात. पुढें १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबाद येथील अंतिम सामन्याच्या वेळीं हा आंकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. अभियंत्यांचें हें काम खरोखर कौतुकास्पद आहे.

परंतु हा खर्च कोणीतरी सोसतो. स्टार इंडियानें आय.पी.एल. सामन्यांचे पांच वर्षांचे हक्क २०१७ सालीं १६,३४७ कोटी ५० लाख रुपयांस घेतले होते. २०१९ मध्यें ही कंपनी अमेरिकेच्या डिस्ने कंपनीकडे गेली, आणि एप्रिल २०२० पासून सेवेचें नांव डिस्ने प्लस हॉटस्टार झालें. २०२२ सालच्या लिलावांत दूरचित्रवाणीचे हक्क स्टारकडे राहिले, परंतु इंटरनेटचे हक्क रिलायन्सच्या गटांतील व्हायकॉम१८ नें मिळविले. तिनें २०२३ मध्यें जिओसिनेमावर सर्व सामने फुकट दाखविले. परिणाम काय झाला तो पहा: ऑक्टोबर २०२२ च्या आरंभीं डिस्ने प्लस हॉटस्टारचे वर्गणीदार ६ कोटी १३ लाख होते, वर्षभरांत ते ३ कोटी ७६ लाख उरले. पुढें दोन्ही पक्षांनीं झुंज सोडून हात मिळविले. नोव्हेंबर २०२४ मध्यें दोन्ही व्यवसाय एक झाले, आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून दोन्ही सेवांचे मिळून जिओहॉटस्टार झालें. दोन नळांमधील चढाओढीमुळें जें फुकट मिळत होतें, तें दोन्ही तोट्या एकाच मालकाच्या हातीं गेल्यावर कोणत्या दरानें मिळेल, हें ठरविणें आपल्या हातीं राहत नाहीं.

नळाला मीटर असतो, हीहि गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आपण काय पाहिलें, कोठें थांबलों, काय अर्धें सोडलें, याची नोंद होते, आणि त्या नोंदीवरून पुढचा कार्यक्रम व पुढची जाहिरात आपणांपुढें येते. मनोऱ्यापुढें आपण सारे मिळून एक लोकसमुदाय होतों; नळापुढें प्रत्येकजण एकेक गिऱ्हाईक असतो. घरांतहि तेंच घडतें. एका खोलींत आजोबा, दुसरींत सूनबाई, तिसरींत नातू. तिघांचे तीन पडदे, आणि तिघांस ठाऊक असलेली गोष्ट एकहि नाहीं.

याचा अर्थ नळ वाईट असा नव्हे. चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यास सायंकाळची मालिका दुपारीं पाहतां येते. परदेशांतील मराठी कुटुंबास आपली भाषा रोज कानीं पडते. ही सोय मनोऱ्याला कधींच देतां आली नसती. मुद्दा इतकाच कीं, नळ आला म्हणून पावसाची गरज संपत नाहीं. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचें प्रक्षेपण प्रसार भारतीस पुरविलेंच पाहिजे, असा कायदा आपल्या संसदेनें २००७ सालीं केला, तो यासाठींच. ज्याच्यापाशीं वर्गणीचे पैसे नाहींत, त्यालाहि देशाचा सामना दिसावा, हा त्यामागील हेतु. स्वतः प्रसार भारतीनेंहि नोव्हेंबर २०२४ मध्यें गोव्यांत वेव्हज नांवाची आपली इंटरनेट सेवा सुरू केली. ही गोष्ट योग्यच झाली. परंतु तिच्या भरंवशावर मनोरे व उपग्रह यांवरील विनामूल्य प्रक्षेपण क्षीण होऊं देणें योग्य होणार नाहीं.

सुशिक्षित गृहस्थांनीं म्हणून दोन गोष्टी कराव्या. वर्गणी भरतांना आपण काय देतों व कोणाला देतों, हें एकदां नीट वाचून घ्यावें. आणि आठवड्यांतून निदान एक सायंकाळ घरांतील सर्वांनीं एकाच पडद्यासमोर बसावें, व पाहिलेल्या गोष्टीवर चार शब्द बोलावे. वरचें विनामूल्य प्रक्षेपण टिकविणें हें सरकारचें काम आहे; घरांतील समाईक पडदा टिकविणें हें सर्वस्वीं आपलें.