साध्या कचेरीचा अवघड पोशाख

मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. नांदेडच्या आमच्या गल्लीत राहणारा, अभियांत्रिकीची पदवी नुकतीच हाती आलेला एक मुलगा दिवेलागणीच्या सुमारास आमच्या ओट्यावर आला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने त्याला पुण्याला निघायचे होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हिंजवडीच्या एका लहानशा संगणक-कंपनीत त्याची मुलाखत होती. त्याच्या एका हातात हँगरला अडकवलेला पांढरा, परीटघडीचा सदरा होता, तर दुसऱ्या हातात निळसर चौकटीचा. कंपनीच्या पत्रात पोशाखाविषयी एकच ओळ होती, की आमच्याकडील वातावरण मोकळे आहे, पोशाखाचे बंधन नाही. वडील म्हणत होते, कोट घाल. पुण्यातला मित्र म्हणत होता, टी-शर्टवर गेलास तरी चालेल. या दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडलेल्या त्या मुलाने मला विचारले, "सर, शर्ट इन करून जाऊ का मोकळाच सोडू?"

चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना उत्तरे सांगण्यात घालवलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. बंधन असते तेव्हा मनुष्य ते पाळतो किंवा मोडतो. 'बंधन नाही' असे सांगितले गेले, की मात्र त्या न सांगितलेल्या बंधनाचा शोध घेत त्याला रात्र काढावी लागते.

आपल्या भागाला पोशाखाचे बंधन नवे नाही. नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे निजामाच्या दरबारी जाणाऱ्याला डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस, म्हणजे कमरपट्टा, असल्याखेरीज गत्यंतर नसे. दरबारापासून दूर, दफ्तरे सांभाळणाऱ्या वर्गातही शेरवानी आणि रुमी टोपी ही प्रतिष्ठेची खूण होऊन बसली होती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि पाहता पाहता रुमी टोपी खुंटीवरून उतरून पेटीत गेली व तिच्या जागी पांढरी गांधी टोपी आली. राज्य बदलल्याची वर्दी जणू टोप्यांनीच दिली. तो काळ बरा होता असे कोणीही म्हणणार नाही; परंतु दरखास्त घेऊन कचेरीत जाणाऱ्याला काय घालून जावे याचा संभ्रम तरी नव्हता. 'उमेदवार' हा शब्दही त्याच फारसी दफ्तरातून आपल्याकडे आलेला. उमेद बाळगणारा तो उमेदवार; आणि पगाराविना कचेरीत राबून कायम नेमणुकीची वाट पाहणे, याला मराठीत उमेदवारी करणे म्हणत आले आहेत. अशा मनुष्याजवळ पदरचे असे थोडेच असते. म्हणून जे अंगावर आहे, ते त्याला जपावे लागते.

सरकारी नोकरीत हा संभ्रम आजही फारसा नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून मंत्रालयातील व शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी जीन्स आणि टी-शर्ट घालू नये, स्लिपर वापरू नये, भडक रंगांचे वा चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत आणि शुक्रवारी खादी वापरावी, असे कळवले. पुढे काही महिन्यांतच जीन्सवरील बंदी तेवढी शिथिल झाली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी ज्या सूचना निघाल्या, त्यांत शिक्षिकांनी साडी अथवा सलवार किंवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा वापरावा आणि शिक्षकांनी शर्ट-पँट घालून शर्ट आत खोचलेला असावा, इतक्या बारकाव्यापर्यंत लेखणी पोहोचली. या सूचनांवर वादही पुष्कळ झाला. परंतु माझ्या ओट्यावरच्या मुलाला शिक्षकाची नोकरी हवी असती, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर शासनाने आधीच छापून ठेवले होते.

मोकळ्या वातावरणाच्या कंपन्यांत असे छापील उत्तर नसते, म्हणून तेथे नियमच नाही असा समज होतो. परंतु या मोकळेपणाचा इतिहास पाहिला, तर तोही कोणीतरी घडवलेलाच आढळतो. हवाई बेटांवर तेथील कापड-व्यावसायिकांच्या खटपटीने १९६६ पासून शुक्रवारी कचेरीत फुलाफुलांचे सदरे घालण्याची प्रथा पडली, आणि तिचे लोण पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोहोचले. तेथे १९९२ मध्ये लेव्हाय स्ट्रॉस या विजारी विकणाऱ्या कंपनीने, कचेरीतील साधा पोशाख कसा असावा याची पुस्तिका छापून ती हजारो कंपन्यांच्या नोकरभरती-अधिकाऱ्यांकडे धाडली. म्हणजे बंधनमुक्त पोशाखाचेही एक नियमपुस्तक निघाले होते आणि ते विजारी खपवणाऱ्यांनी लिहिले होते! आपल्याकडे इन्फोसिससारख्या कंपनीत आठवड्यातील बहुतेक दिवस औपचारिक पोशाखाचा आग्रह होता. जून २०१५ पासून तेथे रोज साधा कचेरी-पोशाख चालू लागला. परंतु 'साधा' या शब्दानंतर 'कचेरी-पोशाख' हा शब्द उभाच आहे, हे विसरून चालत नाही. बागेत जाण्याचा साधेपणा वेगळा, कचेरीत जाण्याचा वेगळा. आणि या दोहोंमधली रेषा कोठे ओढलेली आहे, हे आत वावरणाऱ्यालाच ठाऊक असते.

खरी अडचण येथे आहे. ज्याची थोरली बहीण हिंजवडीत नोकरीला आहे, त्याला ही रेषा घरबसल्या, जेवता जेवता समजते. उदगीर, औसा, कंधार किंवा मुखेड येथून निघालेल्या, घराण्यात प्रथमच अशा कचेरीची पायरी चढणाऱ्या मुलाला वा मुलीला मात्र ती चाचपडत शोधावी लागते. 'लातूर पॅटर्न'ने आपल्याला परीक्षेचा प्रत्येक प्रश्न आगाऊ ओळखून त्याची तयारी करायला शिकवले. पण हा प्रश्न कोणत्याच प्रश्नसंचात नाही. त्यामुळे अशी मुले दोन टोकांपैकी एक गाठतात: आयुष्यात पहिल्यांदाच कोट-टाय चढवून घामाघूम होतात, नाही तर ऐकीव माहितीवर विसंबून चुरगळलेल्या टी-शर्टवर जातात आणि समोर बसलेला मनुष्य इस्त्रीच्या सदऱ्यात पाहून ओशाळतात.

यावरचा पहिला उपाय इतका साधा आहे, की तो सुचतच नाही: सरळ विचारावे. मुलाखतीची वेळ ज्या व्यक्तीने कळवली, तिलाच, "तुमच्याकडे सर्वसाधारणपणे कोणता पोशाख घालतात?" असे विचारण्यात कमीपणा नाही; उलट विचारणारा मनुष्य काळजीपूर्वक काम करणारा आहे, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. कंपनीने प्रसिद्ध केलेली आपल्या माणसांची छायाचित्रे पाहावीत. महाविद्यालयातील कोणी माजी विद्यार्थी तेथे असेल, तर त्याला गाठावे. दुसरा उपाय असा, की जी माहिती मिळेल तिच्याहून एकच पायरी वर राहावे. तेथील लोक टी-शर्ट घालत असतील, तर आपण कॉलरचा सदरा घालावा. ते सदरा-जीन्समध्ये वावरत असतील, तर आपण सदऱ्याखाली साधी सुती पँट घालावी. दोन पायऱ्या चढलो तर आपण परके दिसतो, आणि एकही चढलो नाही तर आपल्याला या भेटीची पर्वा नाही असे वाटते. मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट असाच आहे, आणि पहिल्या भेटीला जाताना मनुष्य घरातल्यापेक्षा थोडा नीटनेटका होऊन जातो, इतकेच याचे तात्पर्य.

मुलींच्या बाबतीत हाच न्याय लावला, तर गुडघ्यापर्यंतची साधी कुर्ती आणि सरळ पँट, किंवा नेहमीचा पंजाबी ड्रेस, बहुतेक ठिकाणी योग्य ठरतो. साडीत सहज वावरता येत असेल तर साडीही शोभते. मात्र ओढणी किंवा पदर दर दोन मिनिटांनी सावरावा लागत असेल, तर लक्ष प्रश्नावरून ढळते, म्हणून तो आधीच पिनने बसवून घ्यावा. नांदेड ही तख्त सचखंड श्री हजूर साहिबची नगरी. येथील शीख तरुणाची पगडी आणि हातातले कडे ही औपचारिक-अनौपचारिक या वर्गवारीत येतच नाहीत. ती त्याच्या व्यक्तित्वाचा भाग आहेत, आणि त्यांविषयी त्याने क्षणभरही चिंता वाहू नये.

आता कापडाकडे वळू. कापडाबद्दल नांदेडकराला शिकवण्याची गरज पडू नये. गाव कापसाचे, एके काळच्या उस्मानशाही गिरणीचे. तरीही नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एकत्र येऊन मिळतात, दुकानदार जे 'इंटरव्ह्यूसाठी' म्हणून पुढे टाकतो, ते बहुधा चकाकणारे असते. ते बाजूला सारून फिक्या, एकरंगी कापडाचा सदरा निवडावा. शुद्ध सुती कापड बेचाळीस अंशांच्या उन्हात अंगाला सुखावते खरे, पण रात्रभराच्या बसप्रवासात त्याचा चोळामोळा होतो. म्हणून प्रवास जुन्या कपड्यांत करावा आणि मुलाखतीचा सदरा निराळा न्यावा. पांढरा सदरा उठून दिसतो, पण तो पाणी मागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात ज्यांनी तो उन्हाळा काढला आहे, त्यांना फिक्या निळ्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. नवा कपडा मुलाखतीच्या दिवशी प्रथम अंगावर चढवू नये. आदल्या आठवड्यात तो घालून खुर्चीवर अर्धा तास बसून पाहावे. बसल्यावर पोटावरची बटणे ताणली गेली किंवा पँटची लांबी बुटावर गोळा झाली, तर शिंप्याकडे जाण्यास अवधी राहतो. बूट जुने असले तरी चालतात, धुळीने माखलेले चालत नाहीत.

घरबसल्या संगणकावरून होणाऱ्या मुलाखतींतही पूर्ण पोशाख करूनच बसावे, कारण चार्जरसाठी कधी उठावे लागेल याचा नेम नसतो. बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यात लवलवते. तेथे एकरंगी सदराच बरा.

कंपन्यांकडेही एक मागणे आहे. 'बंधन नाही' या दोन शब्दांऐवजी 'आमच्याकडे बहुतेक लोक सदरा आणि जीन्स घालतात' हे एक वाक्य लिहिण्यास कोणताही खर्च पडत नाही, आणि त्या एका वाक्याने दूरच्या तालुक्यातील उमेदवार पुण्यातल्या उमेदवाराच्या बरोबरीला येतो.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, की मला ठाऊक नाही, तू त्यांनाच विचार. त्याने ओट्यावर बसूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आले, की येथे सगळे सदरा-जीन्सवरच असतात आणि सदरा कोणी खोचत नाही. चौकटीचा सदरा हँगरसकट बसमध्ये खिडकीच्या पडद्याच्या दांडीला लटकत पुण्याला गेला. महिन्याभराने तो मुलगा पेढे घेऊन आला तेव्हा मी विचारले, मग काय केलेस? तो हसून म्हणाला, "मुलाखतीला इन करून गेलो, सर. रुजू झाल्यावर मोकळा सोडला."