चाकांवरचे बिऱ्हाड आणि सागरतीरीचा गणराय

माघ शुद्ध चतुर्थी जवळ येऊ लागली की इंदापूर-बारामतीकडील भाविकांची पावले मोरगावकडे वळतात. चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी मयूरेश्वराच्या भेटीस येण्याचे हेच दिवस. यंदा मात्र कळस येथील आम्हां चार घरांच्या मंडळींनी मयूरेश्वराचे दर्शन आधी घेऊन, प्रत्यक्ष गणेश जयंतीस सह्याद्रीपलीकडे सागरतीरी असावे, असा संकल्प केला आहे. त्यास कारणही तसेच आहे. आमच्यातील तीन वृद्ध माउल्यांनी उमेदीच्या काळात तुकोबारायांच्या पालखीसवे पायी वाटचाल केली. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. एकीने तर ऐंशी वर्षांच्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. भक्तनिवासांचे जिने, उकिडवे बसावयाची शौचकूपे आणि अपरात्री अंधारात उठण्याची धास्ती यांपायी दरवर्षी बेत मोडत असे. म्हणून या खेपेस निजण्याची, चहापाण्याची व शौचाची सोय असलेली घरगाडी, जिला आता सर्वत्र कॅरॅव्हॅन म्हणतात, ती भाड्याने घेऊन निघावयाचे ठरले आहे.

चाकांवरचे बिऱ्हाड वारकऱ्यांस मुळीच नवे नाही. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी आमच्याच तालुक्यातून जाते. बेलवडीचे गोल रिंगण, निमगाव केतकीचा व इंदापूरचा मुक्काम हे सारे आमच्या अंगणातलेच म्हणावयाचे. दिंडीचा ट्रक कसा भरतात हे येथील पोरेही जाणतात: खाली शिधा, भांडी, शेगड्या, वर फळ्यांचा माळा करून वळकट्या, मागून पाण्याचा टँकर. दिंडी चालत असता ट्रक पुढे जातो आणि ठरल्या जागी राहुट्या उभ्या राहतात. या व्यवस्थेचे मर्म ट्रकमध्ये नाही, ते ‘ठरल्या जागी’ या दोन शब्दांत आहे. कोणत्या तिथीस कोणता मुक्काम, कोणत्या दिंडीने कोणत्या रानात उतरावयाचे, हे प्रस्थानापूर्वीच निश्चित असते. लाखोंचा मेळा पंढरीस सुखरूप पोहोचतो तो त्यामुळे.

घरगाडीच्या जाहिरातींत याच्या उलट सांगतात. मनास येईल तेथे थांबा, उशास सागराची गाज ऐका! परदेशातील मोकळ्या माळांवर हे चालत असेल. आमच्या किनाऱ्यावर ते चालावयाचे नाही, आणि याचे कारण जनगणनेच्या आकड्यांवरून कळत नाही. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 603 माणसे होती, तर रत्नागिरी जिल्ह्यात अवघी 197. हे वाचून आमच्यातील तरुणांस वाटले की कोकणात जागाच जागा! परंतु त्या चौरस किलोमीटरांत डोंगर, कातळ व जंगल यांचा वाटा मोठा. सपाट जमीन म्हणून जी आहे ती डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी; तीत वाडीला वाडी लागून. रस्त्याच्या एका कडेस जांभ्याचा गडगा, त्यापलीकडे नारळीपोफळीचे आगर. दुसऱ्या कडेस कुणाच्या घराचे खळे. जी जागा आपणांस मोकळी दिसते ती कुणाचा तरी भाताचा मळा असते, किंवा होड्या ओढून ठेवण्याची, जाळी वाळविण्याची जागा असते. देवळापुढचे पटांगणही गावाचे. उत्सवात तेथे पालखी नाचावयाची असते. विचारल्याशिवाय चाक टेकू नये अशी ती भूमी आहे.

यास्तव आमच्या आखणीचा आरंभ रस्त्यापासून न करता मुक्कामापासून केला. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा गाड्यांसाठी पाणी, वीज व शौचाची व्यवस्था असलेल्या वाहनतळांची कल्पना त्यात मांडली. धोरण चांगले आहे. पण कागदावरील वाहनतळावर गाडी लावता येत नाही. आम्ही वेळणेश्वर व गणपतीपुळे येथील पर्यटक निवासांत आणि हेदवीतील एका परिचिताच्या घरी, गाडीची लांबी, रुंदी व उंची लिहून आगाऊ विचारणा केली. उंची लिहिणे फार महत्त्वाचे. गाडी रस्त्यात मावते, पण माथ्यावर विजेच्या तारा आणि माडाच्या झावळ्या असतात.

आता थोडे अप्रिय, परंतु सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्या घरांनी अवश्य वाचावे असे. घरगाडीतील शौचकूपाची टाकी दोन-तीन दिवसांत भरते. ती रिकामी कोठे करावयाची? अंधारात वहाळाच्या कडेस गाडी नेणारेही असतात. कोकणातील जांभा सच्छिद्र आहे. वर सांडलेले मुरत मुरत खालच्या वाडीच्या विहिरीत उतरते, आणि माघानंतर जसजसे ऊन वाढते तसतशी तीच विहीर सगळ्या वाडीचा आधार होते. हजारो मिलिमीटर पाऊस पडूनही कोकणात चैत्र-वैशाखात पाण्याची टंचाई असते, हे आम्हां कमी पावसाच्या मुलखातील माणसांस प्रथम खरे वाटत नाही. तीर्थास जाऊन दुसऱ्याचे पाणी विटाळणे यापरते मोठे पाप आम्हांस तरी ठाऊक नाही. म्हणून जेथे मैलाटाकीत रीतसर उपसा करता येईल असे दोन मुक्काम आधी निश्चित झाले, आणि बाकीची स्थाने त्यांच्यामध्ये बसविली. भांडी राखेने घासावी व खरकटे केळीच्या आळ्यात यजमानास विचारून टाकावे, ही सूचना माउल्यांचीच.

मार्ग असा योजला आहे. कळसहून बारामती, फलटण, सातारा करून पहिला मुक्काम कराडास, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापाशी. फलटणच्या श्रीराम मंदिरात वाटेवरच दर्शन होईल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाटात पाण्याची टाकी अर्धी ठेवावयाची. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझे, आणि उतारावर ते ब्रेकवर येते. चालकाने खालच्या गिअरमध्येच उतरावे, मागून कितीही भोंगे वाजोत. चालकाचा प्रश्न निघालाच आहे तर सांगतो: आठ जणांच्या निजण्याचा हिशेब होतो आणि नववा मनुष्य स्टिअरिंगवर मान टाकून झोपतो, असे आम्ही पुष्कळ सहलींत पाहिले आहे. आमच्या यादीत पहिली खाट त्याची आहे.

चिपळूणजवळ लोट्याच्या डोंगरावर भगवान परशुरामांचे दर्शन घेऊन गुहागरास व्याडेश्वर व दुर्गादेवी, पुढे वेळणेश्वर, आणि गणेश जयंतीस हेदवीचा दशभुज गणेश. त्या दिवशी गणपतीपुळ्यास अलोट गर्दी लोटते. तेथे गाडी उभी करावयाची जागा शोधण्यातच चतुर्थी सरावयाची. हेदवीसही माघी उत्सवाची वर्दळ असते, परंतु मुक्काम घरच्यासारखा असल्याने गाडी आदल्या दिवशीच लागून राहील.

हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ म्हणून खडकातील अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट आत शिरून उंच उसळते. भरती केव्हा, हे पंचांगावरून काढण्याचा किनाऱ्यावरील लोकांचा सोपा आडाखा आहे: तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीचे चार, त्याचे पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. ज्या पंचांगातून आपण चंद्रोदय पाहतो त्यातूनच समुद्राची वेळ निघते, हे ऐकून आमच्या माउल्यांस मोठे कौतुक वाटले. अर्थात आडाखा तो आडाखा. स्थानिकांस विचारूनच खडकाकडे जावे आणि ओल्या खडकावर पाऊल ठेवू नये. वाळूवर गाडी उतरविण्याचा मोह तर कोणत्याही तिथीस टाळावा.

पुढे तवसाळहून जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडली की गणपतीपुळे जवळ येते. फेरीबोटीत मोटारी चढतात. लांब गाडीचे मागचे अंग मात्र धक्क्याच्या उतारावर घासण्याचा संभव असतो. नाही म्हणाले तर वळसा घालून सडकेने जाण्याचा एक दिवस हाताशी ठेवला आहे. पुळ्यास स्वयंभू गणेशाचा डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणा अवघ्या डोंगराला, सुमारे एक किलोमीटरची. ज्यांना ती झेपणार नाही त्यांनी पश्चिमद्वार देवतेसमोर सागराकडे पाहत नामस्मरण करावे. त्यानंतर पावसला, 1974 मध्ये समाधिस्थ झालेल्या स्वामी स्वरूपानंदांच्या स्थानी एक संध्याकाळ, आणि आंबा घाट चढून करवीरनिवासिनीच्या दर्शनाने परत.

हेदवीचे उत्तर परवा आले. खळ्यात गाडी मावेल, फाटकाचा एक गडी खांब काढून ठेवू, दोन झावळ्या उतरवून घेऊ. परंतु विहीर यंदा लवकर खाली गेली आहे, तरी पिण्याचे पाणी चिपळुणातच भरून आणावे. त्याप्रमाणे वीस-वीस लिटरचे चार कॅन यादीत चढविले आहेत.