ब्लॉकेज हृदयात, धक्का अख्ख्या अंगात!

‘ब्लॉकेज होतं, काढलं. स्टेंट टाकला. काका आता एकदम ओके!’

फॅमिली ग्रुपवर असा मेसेज तुम्हीही कधीतरी वाचला असेल. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला. पण पाइपात अडकलेला कचरा काढला की काम संपलं, असं शरीराचं नसतं. हृदयात झालेल्या गडबडीची झळ हात, पाय, आतडी अशा लांबलांबच्या रक्तवाहिन्यांनाही बसते. ती कशी, हे आपल्या वयातच समजून घेतलेलं बरं.

आधी उपासमार, मग लोंढा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. हा इस्केमिया. औषधाने गुठळी विरघळवली किंवा अँजिओप्लास्टीने वाट मोकळी केली की रक्त पुन्हा धावतं. हे रिपरफ्युजन. दोन दिवस पाणी बंद राहिलं की नळाला पहिलं पाणी गढूळ येतं ना? तसंच काहीसं इथे होतं. उपाशी पेशींना एकदम ऑक्सिजन मिळाला की फ्री रॅडिकल्स तयार होतात, पेशींत कॅल्शियम साठतं, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सूज वाढते. रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्येच कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून या दुसऱ्या माराकडे लक्ष वेधलं होतं.

म्हणजे अँजिओप्लास्टी नकोच का? अजिबात तसं नाही! रक्त सुरूच झालं नाही तर तो स्नायू मरणारच. त्यामुळे वाट जितकी लवकर मोकळी होईल तितकं चांगलं.

अस्तर रुसतं

आता मुद्दा लांबच्या रक्तवाहिन्यांचा. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. अमेरिकेच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं, की हे अस्तर खरवडलं गेलं तर सैल व्हायचा इशारा मिळूनही धमनी सैल होत नाही. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, म्हणून धमनी सैलावते, हे पुढे कळलं. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

हृदयात लोंढा येतो तेव्हा सूज वाढवणारी रसायनं आणि चवताळलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात. रक्त काय एका जागी थांबतं? ते सगळीकडे फिरतं. फ्री रॅडिकल्स नायट्रिक ऑक्साइडला निकामी करतात आणि अस्तराचं काम मंदावतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आतड्यांकडे जाणाऱ्या धमन्यांचं सैलावणंही कमी झालेलं दिसलंय.

२०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला उंदरांवरचा अभ्यास तर आणखी पुढे गेला. हार्ट अटॅकनंतर शरीराची ताणयंत्रणा पेटते, अस्थिमज्जेतून पेशी बाहेर पडतात आणि इतर धमन्यांत आधीपासून असलेले चरबीचे थर वेगाने वाढतात, असं त्यात आढळलं. एक अटॅक येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका जास्त का, याचं एक उत्तर इथे असू शकतं.

उलटा निरोप जातो का?

हृदयाचा निरोप हातापर्यंत जातो, तर हाताचा हृदयापर्यंत का नाही जाणार? शास्त्रज्ञांनी हेही करून पाहिलं. बीपीचा पट्टा दंडावर पाच मिनिटं आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा, असं काही वेळा करायचं. थोड्या थोड्या उपासमारीने शरीर सावध होतं आणि हृदयाची इजा कमी होते, असं सुरुवातीच्या प्रयोगांत दिसलं. आशा मोठी होती. पण ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियातल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये लागला आणि वर्षभरानंतर फायदा काही दिसला नाही. त्यामुळे रील बघून घरी पट्टा आवळत बसू नका!

मग आपण काय करायचं?

• स्टेंटमुळे एक जागा मोकळी होते, आजार जात नाही. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरातल्या कुणालाही गोळ्या बंद करू देऊ नका. विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत.

• सिगारेट या अस्तराची शत्रू. अटॅक आलेल्याने सोडायचीच, आणि टपरीवर ‘एकच रे’ म्हणणाऱ्या आपणही.

• डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं टळू देऊ नका. नियमित व्यायामाने अस्तराचं काम सुधारतं. संध्याकाळी सोबत तुम्हीच जा की!

• छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणत सोडा पिऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढायला लावा. मोठी माणसं ‘काही नाही रे, झोपतो जरा’ म्हणतील. त्या वेळी त्यांचं ऐकायचं नाही.