‘कन्फर्म’ दाबण्याआधी नाव वाचा

मागच्या भागात पासवर्डचं बोललो. या आठवड्यात थंडरबर्ड किंवा आउटलुक उघडल्यावर मध्येच येणारी ती खिडकी पाहू: सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये गडबड आहे, पुढे जायचं का? लातूरच्या आडत दुकानात, दालमिलच्या ऑफिसात, नांदेडला वजिराबादेतल्या एखाद्या सीएच्या टेबलावर ही खिडकी आली की हात आपोआप ‘कन्फर्म’वर जातो. पलीकडे पार्टी बिलासाठी थांबलेली असते, ती घाई मला कळते. तरीही खिडकीतल्या ओळी वाचल्याशिवाय ते बटण दाबू नका.

मेल प्रोग्राम पासवर्ड पाठवण्याआधी सर्व्हरकडे त्याचं प्रमाणपत्र मागतो. मग तीन गोष्टी तपासतो. त्यावरचं नाव आपण सेटिंगमध्ये लिहिलेल्या नावाशी जुळतं का, मुदत चालू आहे का, आणि सही करणारी संस्था विश्वासाच्या यादीत आहे का. यातलं नेमकं काय बिघडलं ते खिडकीतच लिहिलेलं असतं.

मुदतीची तक्रार असेल तर आधी आपल्याच संगणकाची तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल, तर वीज गेली किंवा बटण बंद केलं की जुना संगणक काही वर्षं मागे जातो आणि कालच काढलेलं प्रमाणपत्रही त्याला ‘अजून लागू नाही’ असं वाटतं. एकाच वेळी मेल आणि सगळ्या वेबसाइट रुसल्या, तर दोष बहुधा घड्याळाचा. सेल बदला, तारीख आपोआप जुळण्याची सोय चालू करा.

नाव न जुळण्याची तक्रार आपल्याकडे सर्रास दिसते. दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलेलं असतं, मेल मात्र होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकांबरोबर राहतो. सेटिंगमध्ये आपण ‘मेल’ शब्दापुढे आपलं डोमेन लिहितो आणि प्रमाणपत्रावर होस्टिंगवाल्याचं नाव असतं. आउटलुक अशा वेळी ‘द टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट’ म्हणतं. होस्टिंगवाल्याला फोन करून सर्व्हरचं खरं नाव विचारा आणि येणाऱ्या व जाणाऱ्या, दोन्ही मेलच्या सेटिंगमध्ये तेच घाला. येणाऱ्यासाठी आयमॅपचं पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७. नाहीतर आपल्या डोमेनचं प्रमाणपत्र बसवून द्यायला त्यांना सांगा. ते काम त्यांचंच आहे.

तिसरी तक्रार, सही करणाऱ्याची ओळख पटत नाही ही. कधीकधी मेल तपासणारा अँटिव्हायरस मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो. मग सही करणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव दिसतं. पण विश्वासाच्या संस्थांची ही यादी किती जोखमीची गोष्ट आहे हे २०१४ साली आपल्या देशानेच पाहिलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांच्या छत्राखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, प्रमाणपत्रं देत असे. त्या जुलैत गुगलच्या लक्षात आलं की गुगलच्याच डोमेनची खोटी प्रमाणपत्रं एनआयसीच्या सहीने निघाली आहेत. नियंत्रकांनी लगेच एनआयसीची ती अधिकारपत्रं रद्द केली. विंडोजच्या यादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र होतं, म्हणून धोका विंडोजला होता. थंडरबर्ड ज्या मोझिलाच्या यादीवर चालतं तिच्यात ते नव्हतंच. पुढे क्रोमने या भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या डोमेनपुरती ठेवली, त्यात सरकारी ‘जीओव्ही डॉट इन’ आणि विद्यापीठ-महाविद्यालयांचं ‘एसी डॉट इन’ होतं. सरकारी छत्राखालचा शिक्काही फसू शकतो, म्हणून कोणता शिक्का मानायचा याची शहानिशा सतत चालू असते. ती खिडकी त्याच शहानिशेतून येते.

एरवी सुरळीत चालणारा जीमेल लॉजच्या किंवा स्टेशनवरच्या वायफायवर एकाएकी हा इशारा देऊ लागला, तर तिथेच थांबा आणि मोबाइलचं इंटरनेट वापरा. मध्ये कोणी बसलेला असेल आणि आपण ‘कन्फर्म’ केलं, तर पासवर्ड सरळ त्याच्या हाती जातो. मग तो आपल्या मेलमधून व्यापाऱ्यांना खातेक्रमांक बदललेलं बिल पाठवू शकतो. पैसे गेलेच तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

पूर्वी दिलेल्या परवानग्या काढताही येतात. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’ आणि त्यात ‘सर्व्हर्स’ उघडा. ओळख पटत नाही ती नोंद डिलीट करा. अनोळखी सर्व्हरला ‘हो’ म्हटलं होतं अशी शंका असेल, तर पासवर्डही बदला.

होस्टिंगवाल्याशी बोलताना आणखी एक विचारा: प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप होतं, की कोणी हाताने करतं? २०२० पासून ही प्रमाणपत्रं जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवसांवर, २०२७ मध्ये १०० वर आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. ‘आमचा मुलगा आठवणीने करतो’ असं उत्तर आलं, तर होस्टिंग बदलण्याचा विचार आताच करा.