पहिल्या वेलांटीचा हिशोब

हिमायतनगरच्या एखाद्या सेवा केंद्रात दाखल्यावर गावाचं नाव युनिकोडमध्ये टाइप होतं, तेव्हा आधी ‘ह’ दाबला जातो, मग पहिली वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी ‘ह’च्या अलीकडे जाऊन बसते. संगणक साठवताना उच्चाराचा क्रम पाळतो, दाखवताना लेखणीचा.

ही अदलाबदल डोळ्यांना खटकू न देणारी अक्षरं घडवली ती सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. जाहिरातक्षेत्रात वावरलेला हा कवीमाणूस आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अनेक वर्षं शिकवत होता. २००८ साली ते गेले.

अक्षर हेही शेवटी एक चित्रच, आणि संगणकाकडून चित्र काढून घेण्याची धडपड ब्रिटनमध्ये आधीच सुरू झाली होती. मँचेस्टरला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेस्मंड पॉल हेन्री यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांचं नेम साधणारं गणकयंत्र घेतलं आणि त्यातून चित्रं काढणारं यंत्र उभं केलं. १९६२ मध्ये त्या चित्रांचं लंडनमध्ये प्रदर्शन भरलं. १९६८ साली तिथंच झालेल्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ प्रदर्शनानं तर या कलेला जगभर ओळख दिली. हेन्रींच्या यंत्रातून तेच चित्र हुबेहूब पुन्हा निघत नसे. त्या चित्रांचं सौंदर्यच त्यात होतं.

जोशींपुढचं काम याच्या उलट, आणि अधिक कठीण. अक्षर लाख वेळा उमटलं तरी तेच दिसायला हवं, पण शेजारी बदलला की त्यानं रूपही बदलायला हवं. एकटा ‘र’ घ्या. ‘नगर’मध्ये तो सरळ उभा, ‘वर्ग’मध्ये डोक्यावर रफार, ‘ग्राम’मध्ये दांड्याला तिरका, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी, आणि ‘शेतकऱ्या’त आडवा. बोरू धरलेला हात हे विचार न करता करतो. यंत्राला प्रत्येक वळणाचा नियम सांगावा लागतो.

ते नियम मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत घडले. एस. पी. मुदूर आणि सहकाऱ्यांसोबत जोशींनी तिथं भारतीय लिपी संगणकावर जुळवण्याच्या पद्धतीवर काम केलं. विंडोज २००० सोबत त्यांचा ‘मंगल’ हा टंक घरोघरी पोचला. तो पडद्यासाठी घडवलेला आहे: रेषा एकसारख्या, पोटं मोकळी, म्हणजे लहान आकारातही ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत होत नाही. पुस्तकाच्या पानावर तो तितका खुलत नाही, हेही खरंच.

मंगलखेरीज तमिळचा लता, गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी, तेलुगूचा गौतमी आणि कन्नडचा तुंगा हे टंकही जोशींच्याच देखरेखीखाली घडले.