ठिणगी भंगारातली

प्रीमियर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून रोटर उपसला, की खाली नखाएवढे दोन धातूचे टिकले समोरासमोर दिसतात. हे सीबी पॉइंट. कॅम ते उघडतो, इग्निशन कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि 12 व्होल्टमधून हजारो व्होल्टचा झटका प्लगला मिळतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलं तर पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतात आणि दर वेळी तीन-चार अँपिअर तोडतात. मग एकावर टेकाड येतं, दुसऱ्यात खड्डा पडतो. शिवाय कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. म्हणजे रोग दोन आहेत, जळणं आणि झिजणं. ‘इलेक्ट्रॉनिक करून टाका’ म्हणताना ते एकच धरले जातात.

भंगारातून काय उचलायचं, ते या फरकावर ठरावं. चुंबकीय पिकअपचा अख्खा डिस्ट्रिब्युटर दोन्ही रोग घालवतो. पण दुसऱ्या गाडीचा दांडा आणि दाते आपल्या इंजिनात बसतीलच असं नाही. त्यापेक्षा फक्त स्विच आणावा. प्रवाह तोडण्याचं काम पॉवर ट्रान्झिस्टरने करायचं आणि पॉइंटनी नुसता इशारा द्यायचा. त्यांच्यातून पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह राहू द्यावा. अगदीच कमी ठेवला तर तेलाचा पातळ थरही त्याला अडवतो. हा ट्रान्झिस्टर ज्यात असतो, त्या मोडीत निघालेल्या गाडीच्या इग्निशन मॉड्युलसोबत त्याची अॅल्युमिनियमची पाटीही काढून घ्यावी, कारण या वस्तूचा खरा शत्रू उष्णता. नव्या गाडीची कॉइल मात्र दुकानदाराने फुकट दिली तरी नको. जुनीचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो, नवीचा बहुधा एकाच्याही खाली. चुकून ती थेट पॉइंटवर जोडली गेली तर पॉइंट बघता बघता जळतात.

हा अर्धवट इलाज आहे, असं कोणी म्हणेल. आहेच. टाच झिजायची ती झिजणारच, गॅप अधूनमधून तपासावा लागेल. फक्त दर वेळी कानस काढावी लागणार नाही. जुन्या मेकॅनिकांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: पॉइंट घाटातही घासून चालू करता येतात, मॉड्युल गेलं की गाडी जागीच बसते. खरं आहे, आणि म्हणूनच जुनी कॉइल आणि पॉइंट राहू द्यायचे. मॉड्युल गेलं तर दोन वायरी बदलून, पॉइंटवरून काढलेला कंडेन्सर पुन्हा लावून गाडी घरी आणता येते. अॅव्हरेज वाढेल का? पॉइंट नीट लावलेले असतील तर फारसा फरक नाही. ठिणग्या चुकत असतील, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातं आणि पीयूसीच्या यंत्रावर हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. तिथे उपयोग होईल. कंडेन्सर मात्र कपाटात ठेवू नये, डिकीतच असू द्यावा.