काळ्या मातीचा रस्ता आणि मागची गाडी

परभणी जिल्ह्यांत मोटारीमागें राहती गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडून निघणारानें नकाशाआधीं जमिनीचा विचार करावा. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. त्यामुळें वरील डांबरी रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो. नुसत्या मोटारीस ह्या लाटा झोपाळ्यासारख्या वाटतात. मागची गाडी मात्र त्यांवर डोलूं लागते, आणि वेग असल्यास पुढच्या मोटारीलाच आडवी ओढते.

तेव्हां जिंतूर तालुक्यांतील चारठाण्याचीं प्राचीन मंदिरें पाहावयाचीं असोत, कीं गंगाखेडास गोदावरीचें दर्शन घ्यावयाचें असो, आदल्या दिवशीं नुसती मोटार त्या वाटेनें नेऊन यावी. बाजूपट्टी किती खचली आहे, शेतांतून निघणाऱ्या ट्रॅक्टरांनीं डांबरावर कोठें चिखल आणला आहे, आणि (हें बहुतेकांच्या ध्यानांत राहत नाहीं) जोडगाडी वळवून परत फिरण्यास जागा कोठें आहे, हें पाहावें. एस. टी.च्या ड्रायव्हरास विचारल्यास अर्धें काम होतें.

फरशीपुलावरून पाणी वाहत असतां तें ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावें. पुढची मोटार पार झाली तरी मागच्या गाडीच्या उंच, पोकळ पेटीस प्रवाह आधीं उचलतो.